पाणी कुठवर येतं?

“पाणी कुठवर येतं?”

आमच्या हिनं एवढंच विचारलं. मी आपला नीरेच्या काठी, करंजवाडीच्या त्या मोकळ्या जागेत हात पसरून उभा. इथं ओटी, इथं माजघर, मागं न्हाणीघर, खिडकीतून नदी दिसणार, असं माझं चाललेलं. समोर डोंगर, बांधावर करंजाची झाडं, वारा असा की टोपी धरून बोलावं लागत होतं. दुसरी एखादी बायको असती तर तिनं डोळे पुसले असते. ही पदर खोचून उताराच्या टोकाला गेली, नदीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, पाणी कुठवर येतं?

मला भयंकर राग आला. उत्तर माहीत नसलं की मला नेहमीच राग येतो.

पण तिचंही चुकत नव्हतं. अनसूयेचं माहेर महाड. तिथं श्रावणात सावित्रीचं पाणी घरात येतं ते कुणाला विचारून येत नाही. सामान माळ्यावर, माणसं माळ्यावर, खाली स्वयंपाकघरात मांजर पोहतंय, असं तिचं बालपण गेलं. धाकट्या भावाचा पाळणा एकदा पाण्यावर डुलताना तिनं डोळ्यांनी पाहिला होता. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिनं मान खाली घालून एकच प्रश्न विचारला, “भोर घाटाच्या वर आहे ना?” मी हो म्हणालो आणि लग्न ठरलं. पुढं कित्येक वर्षं मी समजत होतो की माझं वळणदार अक्षर आणि माझी बासरी यांचाही त्यात काही वाटा असावा. तसं काही नव्हतं. तिनं फक्त घाट बघून होकार दिला होता.

भोरात आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. तरी मृग लागला की ट्रंका फळीवर चढायच्या, धान्याचे डबे कपाटावर जायचे आणि चार महिने मी स्टुलावर चढून साखर काढायचो. अशा बाईला मी नदीकाठी घर बांधायला निघालो होतो. घरमालकाशी वाजलं होतं, स्वतःचं घर हवं होतं, आणि खिडकीतून नदी दिसावी अशी माझी लहानपणापासूनची हौस होती.

“मी खात्री करून सांगतो,” मी म्हणालो.

“खात्री म्हणजे खात्री हं,” ती म्हणाली. “तुम्ही एकदा सांगितलंत की इथं पाणी येत नाही, की मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. डोळे मिटून राहायला येईन.”

एवढा विश्वास टाकल्यावर माणसानं काय करावं? मी कामाला लागलो.

पहिल्यांदा गेलो शेजारच्या बापूसाहेब दिघ्यांकडं. बापूसाहेब संस्थानच्या पागेवर अधिकारी होते. संस्थान विलीन होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण बापूसाहेबांच्या ओसरीवर ते अजून विलीन झालेलं नव्हतं. मी पुराचा विषय काढल्याबरोबर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“पूर? अहो पोतनीस, संस्थान असताना नदीनं कधी पायरी सोडली नाही.”

“म्हणजे पूर येत नसे?”

“येत असे की. पण अदबीनं. आता काय, कुणीही उठावं, कुठंही जावं! नदीला तरी एकटीला दोष देऊन काय उपयोग?”

यातून पाणी कुठवर येतं हे काही कळेना. मग पोस्टातल्या मंडळींना विचारलं. मी भोरच्या पोस्टात तारेवर होतो. मंडळी तिकिटांवर शिक्के मारता मारता हसायलाच लागली. भाटघरचं एवढं दांडगं धरण शेजारी असताना पुराची भीती कसली बाळगता, पाणी अडवायलाच तर ते बांधलंय, असं सगळ्यांचं एकमत पडलं. हे मला आधी कसं सुचलं नाही? संध्याकाळी मी जिना चढतानाच ओरडलो, “धरण आहे! धरण!”

अनसूया वाती वळत होती. “ते कुठल्या नदीवर आहे?” तिनं विचारलं.

“धरण म्हणजे नदीवरच असायचं!” मी म्हणालो, आणि मला जरा अस्वस्थ वाटायला लागलं. रविवारी सायकल काढली आणि भाटघर गाठलं. धरणावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “ही वेळवंडी हाय. नीरा त्या अंगाला. तिचा न् आमचा काय संबंध न्हाई.” असं तुटक बोलला की जणू नीरेनं त्यांच्या घरचं लग्न मोडलं होतं. येताना मी सायकल हातात धरून चाललो. घरी आल्यावर अनसूयेनं काही विचारलं नाही. मीच म्हणालो, “धरण छान आहे.”

मग म्हटलं, हे असं ऐकीव नको, सरकारदरबारी काय ते विचारावं. कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं मला बसा म्हटलं नाही, पण मी बसलो.

“नीरेच्या पुराचं पाणी करंजवाडीत कुठवर येतं, याचा काही नकाशा वगैरे आहे का?”

“पूर आलाय?”

“नाही.”

“मग तक्रार कशाची?”

“तक्रार नाही हो. येईल का, ते विचारतोय.”

त्यानं टाक खाली ठेवला आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. “येईल तेव्हा या. पंचनामा करू. कुठवर आलंय ते जागेवर येऊन बघू. आधी कसं सांगणार?”

“पण मला तिथं घर बांधायचंय.”

“बांधा की! घर नसेल तर पंचनामा तरी कशाचा करणार?”

मी म्हटलं, संस्थानच्या जुन्या दप्तरात काही असेल. तो म्हणाला, दप्तर पुण्याला गेलंय. तिथून कुठं जाणार हे पुण्याला विचारावं लागेल. माझ्या मागं रांगेत उभा असलेला एक गृहस्थ मला हळूच म्हणाला, “साहेब, नदीकाठी बांधू नका.” मी त्याला विचारलं, “का, पाणी येतं?” तो म्हणाला, “नाही, डास.”

राहता राहिली खुद्द करंजवाडी. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती, पण आपण शिकलेली माणसं. आपण आधी भोर पालथं घालतो. माघ महिना होता. माझ्या जागेच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूला, एक दगडी चौथरा होता आणि त्यावर वाडीचा म्हसोबा. म्हसोबा म्हणजे मोठ्या कोहळ्याएवढा, शेंदरानं माखलेला दगड. त्याची पूजाअर्चा बाजी नावाच्या धनगराकडं. बाजी, माझ्या जागेला लागून शेती असलेला कोंडिबा, आणि शेरडं राखणारी म्हातारी सारजाबाई, तिघंही तिथंच होती. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, म्हणजे साक्षी एकमेकांत मिसळायला नकोत.

“म्हसोबाच्या पायाला पानी लागलेलं न्हाई,” बाजी म्हणाला.

“कधीच?”

“माज्या आज्यानं बी बघितलं न्हाई. लई कडक द्येव हाय, मास्तर. नदी येती, वाडीचा निम्मा माळ पान्यात जातो, पर देवाच्या पायाला शिवायची तिची टाप न्हाई.”

कोंडिबानं तेच सांगितलं. सारजाबाई तर रागावलीच. “इचारता काय? देवाच्या पायाला पानी लागल्यावर वाडी ऱ्हाईल व्हय?” ती म्हणाली.

दगडाला पाय कुठून आले, असा प्रश्न मला पडला होता; पण अर्थ उघड होता. देव खाली, माझी जागा वर. मी भोरहून गवंड्याला घेऊन आलो, पाण्याच्या नळीची पाणसळ लावून उंची मापली. चौथऱ्यापेक्षा माझी जागा चांगली पुरुषभर उंच निघाली. त्यावर कमरेएवढं जोतं घातलं की काळजी मिटली. आजवर पाणी जिथं कधी गेलं नाही, त्याच्या कितीतरी वर माझी ओटी! कचेरीला जे सांगता येईना ते मी स्वतः शोधून काढलं होतं. त्या दिवशी सायकलवरून येताना मी बासरीतली एक अवघड जागा तोंडानं म्हटल्याचं आठवतं.

अनसूयेला नेऊन देव दाखवला. तिनं हळदकुंकू वाहिलं आणि बाजीला सरळ विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलंय? पाण्याचा थेंबसुद्धा नाही?”

“देवाच्या म्होरं उभा ऱ्हाऊन खोटं बोलू व्हय, वैनी?”

ती माझ्याकडं वळली. “आता तुम्ही सांगा.”

“इथं पाणी येत नाही,” मी म्हणालो. अगदी ठणकावून म्हणालो.

तिनं मान हलवली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

घर बांधताना काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. जोत्यावरून मात्र भांडणं झाली. कोंडिबाचं म्हणणं, एवढं उंच जोतं कशाला, बैल चढायचा नाही. मला बैल नव्हता, हे सांगून त्याला पटेना. आज नाही, उद्या घ्याल, मग काय बैलाला शिडी लावणार? बापूसाहेब एकदा टांग्यातून बघायला आले आणि म्हणाले, एवढं जोतं सरदारांना शोभतं, तारेवरच्या माणसानं पायरीनं राहावं. गवंड्यानं न्हाणीघराचा उतार माजघराकडं काढला. सुतारानं खिडकी बसवली ती नदीऐवजी कोंडिबाच्या उकिरड्याकडं तोंड करून, आणि वर म्हणाला की वारा तिकडूनच येतो. सगळं सहन केलं. ज्येष्ठ लागता लागता वास्तुशांत उरकली आणि आम्ही राहायला आलो. अनसूयेनं ट्रंका चक्क जमिनीवर ठेवल्या. तिच्या आयुष्यात पावसाळ्याच्या तोंडावर असं पहिल्यांदाच होत होतं. ते बघून मला इतकं भरून आलं की मी बाहेर जाऊन उगीचच कुंपणाला हात लावत उभा राहिलो.

मग मृग लागला. सकाळी चहा घेत होतो तर हलगी वाजायला लागली. बघतो तो अख्खी वाडी उतारावरून वर येतेय. पुढं हलगीवाला, मागं बाजी आणि कोंडिबा, दोघांच्या मध्ये घोंगडीची झोळी. झोळीत म्हसोबा.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“काय म्हंजी? द्येव वर निघालाय,” बाजी म्हणाला. “दर साली मिरगाला उठतो, दसऱ्याला खाली उतरतो.”

मी कपबशी खाली ठेवली. “वर? वर कशाला?”

“आवं, पानी येतंय की चौथऱ्यावर! देवाला काय भिजत ठिवायचा?”

“पण... पण तुम्ही म्हणालात पायाला पाणी लागत नाही!”

“लागंल कसं?” सारजाबाई मागून ओरडली. “आमी लागू देतो व्हय?”

“बाजीराव,” आवाज शक्य तेवढा खाली ठेवून मी विचारलं, “चौथऱ्यावर पाणी येतं म्हणजे किती येतं? किती चढतं?”

बाजीनं कोंडिबाकडं बघितलं, कोंडिबानं बाजीकडं. “त्ये कोन बघतंय, मास्तर? द्येव नसतो की तितं.”

त्यांच्यातल्या कुणी मला फसवलं होतं असं म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या पायाला पाणी लागलं नाही, हे त्यांच्या लेखी शंभर टक्के खरं होतं. त्यांनी देव उचलला म्हणून तो वाचला, असं त्यांच्या मनातही येत नव्हतं. तो कडक आहे म्हणून वाचला. पण त्याच्या नावावर मी घर बांधून बसलो होतो! मागं दारात अनसूया उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण झोळी माझ्याच पायऱ्या चढायला लागली.

“इकडं कुठं?”

“आजपातुर मागल्या टेकाडावर सोनबा धनगराच्या वाड्यात ठिवत व्हतो, मेंढरांत,” बाजी म्हणाला. “तितं गळतंय, न् वाट बी लई निसरडी. औंदा म्हनलं, तारमास्तरांनी पक्कं घर बांधलंय, जोतं बी दांडगं. देवाची सोय झाली.”

“अहो, पण इथं पाणी येणार नाही कशावरून?”

यावर सगळी वाडी हसली. कोंडिबा म्हणाला, “मास्तर, येडं समजताय व्हय आमास्नी? तुमी सरकारी मानूस. मुंबैची तार तुमच्याकडं येती, दिल्लीची येती. कचेरीत जाऊन आलाय, धरनावर जाऊन आलाय, त्या नळीनं मापं घेतल्यात. समदी चवकशी करून बांधलंय तुमी. आमी काय, अडानी मानसं, तुमच्या इस्वासावर.”

आता याला काय म्हणावं? मी देवाच्या भरवशावर घर बांधलं, आणि ते माझ्या भरवशावर देव घेऊन आले! तेव्हाच हात जोडून सांगायला हवं होतं की बाबांनो, मला काडीचं माहीत नाही. पण हलगी वाजत होती, बायका ओवाळायला लागल्या होत्या, आणि ‘समदी चवकशी करून’ हे शब्द कानाला इतके बरे लागले होते, की मी नुसता “असू दे, असू दे” म्हणालो. म्हसोबा माझ्या ओटीवर, माझ्या नव्या आरामखुर्चीच्या शेजारी बसला.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. देव आला त्या घराला धोका नाही, म्हणून वाडीचं सामान यायला लागलं. आधी सारजाबाईची भाताच्या बियाण्याची कणगी. मग कोणाची जाती, कोणाची अंथरुणं. मग सारजाबाईची शेरडं, कारण तिच्या मते शेरडांना देवाचा लळा होता. मी रोज उठून नदीच्या काठावर बांबू रोवायचो आणि रोज तो वाहून जायचा. पोस्टात बसलो की वाटायचं, वर हिरडस मावळात, जिथून नीरा येते तिथं, किती पाऊस पडतोय याची कुणीतरी एक तार करावी. पण तिकडं तारच नव्हती. पुण्याहून तारा यायच्या त्या लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या.

“सांगा त्यांना,” अनसूया रोज म्हणायची.

“काय सांगू?”

“तुम्हाला काही माहीत नाही म्हणून.”

“असं चारचौघांत?”

“एकेकाला बोलावून सांगा मग.”

मी म्हणायचो, सांगतो. पण ओटीवर आलं की कुणीतरी शहाणं माणूस बघावं तसं माझ्याकडं बघायचं आणि मी नदीकडं बघून जाणकारासारखी मान हलवायचो. महाडची ती बाई सगळं सामान पुन्हा वर चढवत होती, आढ्याला दोर बांधत होती, आणि माझ्यावर एका शब्दानं चिडत नव्हती. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

आषाढात झड लागली. सुट्टीचा दिवस होता. सकाळी बघितलं तर चौथरा दिसेना. जेवणवेळेला करंजाच्या झाडांची नुसती डोकी वर. पाण्याचा रंग चहासारखा, आणि आवाज असा की शेजारचं माणूस काय बोलतंय ते कळेना. वाडीतल्या सगळ्या घरांत पाणी शिरलं आणि सगळी वाडी माझ्या घरात आली. ओटीवर माणसं, माजघरात माणसं, न्हाणीघरात शेरडं. आणि एकाच्याही चेहऱ्यावर काळजी नाही! बायकांनी माझ्या चुलीवर चहा टाकला. कोंडिबा तंबाखू मळत बसला. मी आरामखुर्चीत बसलो होतो, कारण माझे पाय मला उभं करत नव्हते.

“बघा, मास्तर कसं निवांत बसल्यात,” सारजाबाई म्हणाली. “शिकल्यालं मानूस ते शिकल्यालंच.”

पाणी खालच्या पायरीला लागलं. अनसूया गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या कानाशी वाकली. “माणसं आहेत ही,” ती म्हणाली. “लेकरं आहेत. आणखी वर चढलं की टेकाडाकडची वाट बंद होईल. तुम्ही बोलत नसलात तर मी बोलते.”

मी उठलो. खांबाला धरून उठलो. “ऐका हो सगळे!” मी ओरडलो. “मला काही माहीत नाही! पाणी कुठवर येतं हे मला कुणीही सांगितलेलं नाही. कचेरीत सांगितलं नाही, धरणावर सांगितलं नाही. तुमचा देव खाली होता म्हणून मी इथं घर बांधलं. मी काहीही चौकशी केलेली नाही! उठा आणि टेकाडावर चला!”

कोंडिबा मांडीवर थाप मारून हसला. “मास्तर लई गमत्या हायती,” तो म्हणाला. आणि सगळेच हसले. तारेवरचा माणूस, म्हणे काही माहीत नाही!

मी अक्षरशः रडकुंडीला आलो. बाजीचे खांदे धरून हलवले. “बाजीराव, गंमत नाही हो! तुमच्या पाया पडतो, देव उचला!”

बाजी तेवढा गंभीर झाला. “पानी चढतंय खरं. पर मास्तर, मिरगाला बसल्याला द्येव दसऱ्याबिगर उठत न्हाई. मधीच उठवायचा तर कौल लागतो.”

“मग लावा!”

त्यानं म्हसोबाला पाण्याचा हात लावला आणि दोन कण्हेरीच्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर देव जायला राजी, डावी पडली तर नाही. सगळी वाडी हात जोडून बसली. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं. पण हवेत एवढा ओलावा, शेंदूर एवढा चिकट, की दोन्ही कळ्या जागच्या हलेनात. मी उजव्या कळीकडं बघत होतो तसं जन्मात कशाकडं बघितलेलं नाही. तिच्यावर फुंकर मारायला वाकलो, तर बाजीनं मला मागं ओढलं.

“पडत का नाही?”

“द्येव इचार करतूय.”

तिसरी पायरी गेली.

पुढं मी काय केलं ते ठरवून केलं नाही. ठरवायला बसलो असतो तर अजून बसलो असतो. मी खाली वाकलो, म्हसोबाला कवेत घेतला, छातीशी लावला आणि मागच्या दारातून पळत सुटलो.

एक किंचाळी सारजाबाईची. मग सगळ्यांच्या. “आरं द्येव न्हेला! मास्तरानं द्येव न्हेला! धरा त्याला!” मी आयुष्यात तारेच्या यंत्राची कळ दाबण्यापलीकडं अंगमेहनत केलेली नाही. त्या टेकाडाच्या चिखलात, पावसात, छातीवर तो दगड, पायातल्या वहाणा कधीच्या गेलेल्या, धोतर गुडघ्यात अडकतंय, आणि मागं अख्खी वाडी मला धरायला धावतेय. लेकरं काखेला घेतलेल्या बायका, म्हातारे, कोंडिबा हातात काठी घेऊन, आणि माणसं पळाली म्हणून बावरून मागं धावणारी सगळी शेरडं. कुणीतरी ढेकूळ मारलं ते पाठीत बसलं. फार लागलं. पण मी थांबलो नाही. मला एवढंच कळत होतं, की मी थांबलो की ते थांबणार.

टेकाडाच्या मध्यावर त्यांनी मला गाठलं. बाजीनं माझा सदरा धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. “मास्तर,” तो म्हणाला, “तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं.”

मी हनुवटीनं खाली घराकडं खूण केली. बाजी वळला, सगळे वळले.

ओटी दिसत नव्हती. पाणी दारातून आत शिरलं होतं आणि खिडकीतून बाहेर पडत होतं. उकिरड्याकडं तोंड केलेली तीच खिडकी. माझी आरामखुर्ची तिच्यातून निघाली, एकदा गोल फिरली आणि गेली. आम्ही आत्ताच ज्या वाटेनं वर आलो होतो, तिथं आता नदी वाहत होती. सारजाबाई मटकन खाली बसली आणि जवळच्या शेरडाच्या गळ्याला मिठी मारून हमसाहमशी रडायला लागली.

मी माझ्या घराकडं बघत नव्हतो. मी अनसूयेला शोधत होतो. ती कुठंच दिसेना. मग गर्दीच्या शेवटी ती दिसली, कमरेपर्यंत भिजलेली, काखेत कुणाचं तरी पोर, दुसऱ्या हातात सुटलेलं शेरडू कानाला धरून ओढत आणलेलं. सगळे बाहेर पडले की नाही हे बघून ती शेवटी निघाली होती. ती वर आली, घराकडं बघितलं. माळ्यावर चढवलेल्या तिच्या ट्रंकांपर्यंत पाणी चढत चाललं होतं.

“अनसूया,” मी म्हणालो, “मी तुला शब्द दिला होता.”

तिनं पोर आईकडं दिलं, हात पदराला पुसले. “जड आहे का फार?” तिनं विचारलं, आणि म्हसोबाखाली आपलाही हात लावला. मला रडूच आलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

बाजीनं डोळे पुसले आणि माझा सदरा सोडला. पुढं होऊन एका सपाट खडकावरचा पालापाचोळा हातानं झाडला. “मास्तर, ठिवा आता देवाला,” तो म्हणाला. “दमलासा. हितवर काय पानी येत न्हाई.”

मी खडकाकडं बघितलं. बाजीकडं बघितलं.

“कशावरून?” मी विचारलं.

बाजीनं तोंड उघडलं. कोंडिबाकडं बघितलं. कोंडिबा खाली नदीकडं बघत होता. बाजीनं तोंड मिटलं, मुकाट्यानं पुढं आला, माझ्या हातातला अर्धा भार घेतला, आणि आम्ही सगळे आणखी वर निघालो.